मातीची झीज कुणाच्या खात्यावर?

(केडगाव येथे भरलेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठक म्हटली की आमच्या हातात भावाचा तक्ता असतो. आज तो आणलेला नाही. आज टेबलावर दोन काचेच्या बरण्या आहेत. लोणच्याच्याच आहेत, धुऊन-पुसून आणल्या आहेत आणि दोन्हींत पाणी भरले आहे. मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर चार पावले पुढे या, जागा आहे.

ही दोन ढेकळे बघा. दोन्ही एकाच वावरातली. हे पहिले बांधावरचे, लिंबाखालच्या गवताच्या मुळ्यांतून काढलेले. हे दुसरे त्याच बांधापासून दहा हात आत, कपाशीच्या दोन ओळींमधले. माती तीच काळी, पाऊस तोच, मालकही तोच. दोन्ही ढेकळे सावलीत वाळवून आणली आहेत. आता ती जाळीच्या तुकड्यावर ठेवून पाण्यात सोडतो. आमचे बोलणे चालू राहील. तुम्ही मधून मधून बरण्यांकडे बघत राहा. कुणी हात लावू नका, हलवू नका.

गेली कित्येक वर्षे आपण एकच गोष्ट सांगत आलो. शेतकऱ्याला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव पाहिजे. ते आजही खरे आहे, त्यात काडीचा फरक नाही. त्यासाठी आपण खर्चाचे हिशोब मांडले. बियाणे धरले, खत धरले, फवारणी धरली. घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून भांडलो. कृषिमूल्य आयोगाचा जो सर्वांत मोठा खर्च, ज्याला सी-टू म्हणतात, त्यात जमिनीचा खंड धरतात, भांडवलावरचे व्याज धरतात, अवजारांची आणि गोठ्याची झीजसुद्धा धरतात. म्हणजे नांगर झिजतो ते आयोगाला दिसते. नांगराखालची माती झिजते ते मात्र त्या कागदावर कुठेच नाही. आणि आयोगाला कशाला नावे ठेवायची? आम्हीसुद्धा इतकी वर्षे हिशोब मांडले, आमच्याही कागदावर ती ओळ नव्हती. आज ती चूक कबूल करायला उभे आहोत.

ही झीज म्हणजे काही कवीकल्पना नाही, तिचे वजन करता येते. एका एकरातून एक मिलिमीटर माती वाहून गेली, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून पातळ थर, तर ती साधारण पाच टन भरते. जोराच्या एखाद्या वळिवात उताराच्या उघड्या रानातून एवढी माती जाताना डोळ्यांना कळतही नाही. ओढ्याला गढूळ पाणी आले की आपण म्हणतो, चला, पाणी झाले! ते गढूळपण कुणाच्या वावरातले होते ते कुणी विचारत नाही. मग हीच माती तलावात जाऊन बसते. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना निघाली तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी डंपर लावून तो गाळ वावरात आणला. योजना वाईट नाही, गाळाने पडीक रानेही पिकली. पण आपलीच माती फुकट वाहू द्यायची आणि डिझेल जाळून परत आणायची, हा व्यवहार वाण्याच्या दुकानात कुणी केला असता का?

बघा, दुसऱ्या बरणीतले ढेकूळ कडेने सुटायला लागले आहे. असू द्या, पुढे बोलू.

पावसाचा हिशोब

आता पावसाकडे येऊ. आपण स्वतःला दुष्काळी म्हणतो आणि आहोतही. पण आकडा नीट मांडा. एक एकरावर एक इंच पाऊस पडला की तो सुमारे एक लाख लिटर होतो. दहा हजार लिटरचे दहा टँकर! वर्षाला पाचशे मिलिमीटर म्हणजे वीस इंच धरा, तर प्रत्येक एकरावर वर्षाला दोनशे टँकर रिकामे होतात. मार्च महिन्यात आपण एका टँकरसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतो. जून ते ऑक्टोबर दोनशे टँकर दारात येतात, त्यांतले किती आत घेतले?

सोलापूर-नगरच्या काळ्या रानात हा प्रश्न आजचा नाही. पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली आणि सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीची संशोधनाची कामे सुरू झाली. तिथे एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उताराच्या रानातून वाहून जाणारे पाणी आणि माती प्रत्यक्ष मोजली. गवताने झाकलेल्या तुकड्यातून माती जवळजवळ जात नाही आणि उघड्या रानातून टनांनी जाते, हे तेव्हाच कळले होते. बांधबंदिस्ती, शेणखत, पातळ पेरणी, वेळेवर कोळपणी अशी ती सगळी पद्धत पुढे मुंबई राज्याची कोरडवाहू पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्ञान नव्वद वर्षांचे आहे. हल्ली याच गोष्टीला पुनरुज्जीवन शेती असे मोठे नाव निघाले आहे. नाव काही का असेना, आपल्याला मतलब एवढाच की उघडे रान झाकायचे, जमिनीत जिवंत मूळ जास्तीत जास्त दिवस ठेवायचे, जमीन कमीत कमी उलथायची, पिके मिसळायची आणि जनावर वावराशी जोडलेले ठेवायचे.

एक गोष्ट इथे साफ सांगितली पाहिजे, कारण व्याख्यानांत फार फुगवून सांगतात. सेंद्रिय कर्ब थोडा वाढला की जमीन लाखो लिटर जादा पाणी धरते, असे आकडे तुम्ही ऐकले असतील. आपल्या भारी काळ्या मातीच्या बाबतीत त्यावर फार भरवसा ठेवू नका. काळी माती पाणी धरते, ते तिच्या चिकणपणामुळे धरतेच. तिची अडचण धरण्याची नाही, आत शिरण्याची आहे. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की कण सुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो, वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. मग पाऊस पडतो आणि रान पीत नाही.

आता बरण्या बघा. या बाई सगळ्यात पुढे बसल्या आहेत, त्यांनीच सांगावे. दुसऱ्या बरणीतले ढेकूळ राहिले आहे का? नाही. जाळीतून खाली सांडले, पाणी चहासारखे झाले. पहिल्यातून बुडबुडे निघाले, ते भिजले, फुगले, पण अजून बसलेले आहे आणि पाण्यातून पलीकडची माणसे दिसतात. यात जादू काही नाही. मुळे, बुरशी, गांडुळे यांनी कण एकमेकांना चिकटवून ठेवलेले असतात. दुसऱ्या ढेकळाचा तो डिंक आपणच वर्षानुवर्षे नांगरून आणि उन्हात उघडा टाकून जाळला. वळीव तुमच्या वावरात जे करतो, ते या बरणीत पंधरा मिनिटांत झाले.

पाण्याचा प्रश्न इथेच सुरू होतो. विहीर काठावर सुरू होत नाही, ती वावराच्या वरच्या वीतभर मातीत सुरू होते.

विहिरीत काय उतरते

आपण पाण्याचे माप फुटात घेतो. विहिरीला किती फूट पाणी आहे? बोअर किती फुटांवर लागला? ते पाणी कसले आहे, ते क्वचितच विचारतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. मोठ्या माणसाला लगेच काही कळत नाही. पण वरचे दूध पाजताना तेच पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. आणि मायबहिणींनो, पाणी उकळले म्हणून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि ते घट्ट होते. गाळण्यानेही जात नाही, तुरटीनेही जात नाही.

आता युरियाचा हिशोब करा. गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र शेकडा ४६, म्हणजे वीस किलोच्या वर. हे सगळे नत्र नायट्रेट होऊन पाण्यात गेले तर वीस लाख लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन टेकते. वीस लाख लिटर! मघाशी एका एकरावरचा वर्षाचा पाऊस आपण तेवढाच काढला होता. अर्थात सगळे नत्र विहिरीत जात नाही. पीक घेते, काही हवेत उडते, काही मातीत अडकते. पण पाऊसही सगळा विहिरीत जात नाही. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पावसाचा दहावा हिस्सा खोल मुरतो असे धरले, तर मुरणारे पाणी दोन लाख लिटर, आणि ते बिघडवायला गोणीचा दहावा हिस्सा पुरतो. साडेचार किलो युरिया. पाऊस येणार म्हणून घाईने फेकलेल्या युरियातून एवढे सहज निसटते. काळ्या रानाला भेगा असतील तर पहिले पाणी त्या भेगांनीच खाली जाते, वाटेत मुळांची गाठसुद्धा पडत नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही पण युरिया सोडा म्हणणाऱ्यांत जाऊन बसलात! नाही. आम्ही कुणाला गोणी सोडा म्हणत नाही. कोरडवाहूत आपण टाकतोच किती? आम्ही एवढेच म्हणतो की विकत घेतलेले नत्र पिकाच्या तोंडात गेले पाहिजे, विहिरीत नव्हे. एका डोसाचे दोन करा, ओल असताना मातीआड करा, आणि ते धरून ठेवायला रानात मूळ असू द्या. ज्या रानात मूळ नाही, त्या रानातले नत्र बेवारस असते.

दुसरीही बाजू सांगतो. नायट्रेट फक्त गोणीतून येत नाही. विहिरीपासून दहा पावलांवर उकिरडा असेल, गोठ्याचे मूत विहिरीकडे वाहत असेल, तर तुमचे शेणखतच विहीर नासवते. सेंद्रिय म्हणजे आपोआप स्वच्छ, हा भ्रम काढून टाका. उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला, लांब, आणि झाकलेला पाहिजे. आणि फवारणीचे पंप विहिरीच्या थारोळ्यात धुणे बंद करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्याने माणूस मरतो ते पिण्याच्या पाण्याशेजारी खंगाळायचे, हे आम्ही स्वतः केलेले आहे, म्हणून बोलतो.

पऱ्हाटीचे काय करायचे

शेवगाव, पाथर्डी, नेवाशाकडचे कपाशीवाले इथे आहेत, त्यांच्यासाठी जरा सविस्तर बोलायचे आहे. वेचणी संपली की एकरी टनभर पऱ्हाटी उभी राहते. तिचे आपण काय करतो? चुलीला लागेल तेवढी घरी नेतो, उरलेली बांधावर रचतो किंवा काडी लावतो. काडी लावली की त्या वर्षीचा कर्ब धूर होऊन गेला. बांधावर रचली तर अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी अळी मुक्कामाला राहते. २०१७ च्या हंगामात या अळीने काय केले ते कुणाला सांगायला नको. फरदड घेऊ नका, असे सगळे सांगतात. पण एका वेचणीचे पैसे दिसत असताना मोह आवरत नाही, हेही खरे आहे.

या पऱ्हाटीचे उत्तर एकदा शोधून झालेले आहे, आणि ते आपल्याच पैशातून. अहिल्यादेवी होळकर आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. होळकरांच्या इंदूरला १९२४ साली एक संशोधन संस्था निघाली. तिला पैसा देणाऱ्यांत मध्यवर्ती कापूस समिती होती आणि त्या समितीचा पैसा येत होता कापसावरच्या उपकरातून. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या कापसातून. तिथे अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज अधिकारी आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ पर्यंत काम करून खताची इंदूर पद्धत बसवली. हॉवर्डचे नाव जगभर झाले, वाडांचे आपल्याकडेही कुणाला ठाऊक नाही.

त्यांच्यापुढे आपलाच प्रश्न होता. पऱ्हाटी आणि तुरीच्या तुऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. यंत्रे नव्हती. त्यांनी काय केले? पऱ्हाटी शेताच्या रस्त्यावर पसरली. गाड्यांची चाके आणि बैलांचे खूर वरून जाऊन जाऊन तिचा चुरा झाला. तो चुरा बैलांखाली आंथरला. तो मूत प्यायला, शेणात मिसळला. मग मूत मुरलेली गोठ्याची माती आणि राख घालून दोन फूट खोल खड्ड्यात भरला, ओल राखली, तीनदा पलटी दिली. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत. आज रस्त्यावर पसरायची गरज नाही, ट्रॅक्टरच्या मागे लावायची कुट्टी यंत्रे आली आहेत. एकट्याला ते परवडणार नाही. गटाने भाड्याने आणले तर परवडेल की नाही, ते ज्याने त्याने आपल्या गावचे भाडे विचारून ठरवावे. पण कुट्टी बारीक झाली पाहिजे, बोंडे फुटली पाहिजेत, नाहीतर अळी तशीच राहील.

कोरडवाहूत या पद्धतीला एक मोठी अडचण आहे आणि ती झाकून उपयोग नाही. पऱ्हाटी निघते जानेवारी-फेब्रुवारीत. त्या वेळी माणसाला प्यायला पाणी नसते, खड्ड्याला कुठून आणणार? म्हणून आम्हाला वाटते की जिथे पाणी नाही तिथे कुट्टी करून रानावरच पसरून द्यावी. उन्हाळाभर मातीवर सावली राहील, वळिवाचा मार ती झेलेल. थोडी गोठ्यात आंथरावी आणि तिचा खड्डा जून लागल्यावर भरावा.

आणि चुलीचे काय? हा प्रश्न बाई विचारतात, बाप्या विचारत नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस आला, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा पऱ्हाटी आणि गोवऱ्या. शेणाची गोवरी झाली की रानाचे खत चुलीत गेले. तेव्हा मातीचे आरोग्य हा फक्त शेतीखात्याचा विषय नाही, तो सिलिंडरच्या भावाचाही आहे. कापसाला भाव मिळाला तर सिलिंडर भरेल, सिलिंडर भरला तर शेण रानात जाईल. आपला जुना विषय असा मागच्या दाराने पुन्हा आत आला बघा.

ज्वारीवाल्यांसाठी थोडक्यात. रब्बीसाठी रान जून ते सप्टेंबर मोकळे ठेवायची आपली रीत आहे. त्या काळात रानात सारायंत्राने बंदिस्त वाफे करा, आकार उतार बघून ठरवा. पडलेले पाणी जागच्या जागी बसते. पाऊस लवकर झाला तर मूग-उडदासारखे झटपट पीक घेता येते. शेंगा तोडून पाला रानातच राहू द्या. पाऊस उशिरा आला तर मात्र मुगाच्या नादात ज्वारीची ओल घालवू नका. हे दरवर्षी आभाळाकडे बघूनच ठरवायचे असते, पुस्तकातून ठरत नाही. हलक्या रानात फुले अनुराधा, फुले माउली आणि भारी रानात फुले वसुधा, फुले रेवती अशी राहुरी विद्यापीठाने रानाप्रमाणे वाणांची वाटणी करून दिली आहे. ज्यांना भाकरी आणि कडबा दोन्ही पाहिजेत ते अजून मालदांडी सोडत नाहीत, त्यांचेही चुकत नाही. ज्वारीत करडईच्या ओळी घाला. तिचे सोटमूळ खाली जाते आणि पुढच्या पावसाला वाट करून ठेवते. कोळपणी चुकवू नका, भेगा बुजल्या की ओल उडत नाही.

एक गोष्ट अवघड आहे, तरी बोलतो. आपल्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात. कडब्याला लांबी येते, धसकटे बैलांच्या खुरांत आणि माणसांच्या पायांत घुसत नाहीत, म्हणून उपटतात. रीत बिनबुडाची नाही. पण मूळ रानात राहिले असते तर त्याची नळी होऊन पाणी खाली गेले असते. निदान उताराच्या पट्ट्यात तरी विळ्याने कापून बघा. सगळ्या रानात एकदम करा असे आम्ही म्हणत नाही.

बिननांगरणीच्या शेतीबद्दल लोक विचारतात. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकरांनी आणि नेरळला चंद्रशेखर भडसावळ्यांनी हे वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. भडसावळ्यांची भातातली पद्धत पुढे कपाशीतही नेली गेली. जुन्या पिकाची मुळे न काढता त्याच गादीवाफ्यावर पुन्हा टोकण, असा तिचा गाभा. माती सुधारते यात शंका नाही. त्यात तणनाशक वापरावे लागते, हेही तितकेच खरे. आज आपण पाण्याविषयी बोलत आहोत, तेव्हा तणनाशक किती आणि कुठे मारायचे याचा विचार करूनच उतरा. विहिरीच्या आणि ओढ्याच्या कडेचा पट्टा हाताने निंदलेला बरा.

बाटलीतल्या औषधांबद्दल एकच वाक्य. जमीन जिवंत करतो म्हणून दारावर बाटली घेऊन येणाऱ्याला विचारा, एकरात वीतभर खोलीची माती सुमारे आठ लाख किलो असते, तिच्यात कर्ब शेकडा ०.१ ने वाढवायचा तर आठशे किलो कर्ब लागतो, तो तुझ्या लिटरभर बाटलीत मावतो का? तो मुळांतून, पाल्यातून, शेणातूनच येणार, आणि त्यातलाही बराचसा आपल्या उन्हात जळून जाणार. म्हणून हे काम एका हंगामाचे नाही. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतात. कपाटातली काढा, सेंद्रिय कर्बाची ओळ वाचा आणि पाच वर्षांनी त्याच वावराचा, त्याच जागचा नमुना पुन्हा द्या. त्याआधी फरक पडला असे कुणी सांगितले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

एकट्याचे काम नाही

आतापर्यंत बोललो ते ज्याच्या त्याच्या वावराचे. पण पाणी सातबारा वाचत नाही. तुम्ही रान झाकले, आणि वरच्या शेजाऱ्याचे उघडे राहिले, तर त्याची माती तुमच्या वाफ्यात येते. तुम्ही पाणी मुरवले आणि खालच्याने पाचशे फूट बोअर मारून ऊस लावला, तर तुमची मेहनत त्याच्या उसात जाते. आमच्यातल्या पुष्कळांनी बोअरवर बोअर मारले. कोरडे गेले त्यांचे पैसे आजही फिटलेले नाहीत. त्यात चूक कुणाची, हे शोधायला लांब जायला नको.

इथून तासाभराच्या आत, आपल्याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. बाहेरून बसगाड्या भरून माणसे बघायला येतात आणि आपण शेजारी असून कधी गेलो नाही, असे इथे किती जण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर त्या गावातून माणसे कामधंद्यासाठी बाहेर पडली होती. डोंगर उघडा होता, विहिरी कोरड्या होत्या. पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत गेले. डोंगरावर समतल चर, बांध, बंधारे झाले. हे सगळीकडे होते. जे सगळीकडे होत नाही ते पुढे. मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद, शेतीसाठी बोअर बंद. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिके नकोत, असे गावाने ठरवले. दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचे, मग जनावरांचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. कमी पावसाच्या वर्षी जास्त पाण्याच्या पिकाला ग्रामसभा नाही म्हणते आणि लोक ऐकतात.

यातली चराईबंदी मातीच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. डोंगरावर गवत टिकले म्हणून माती टिकली. गवत कापून डोक्यावर आणायचे, जनावर घरी खाते, शेण घरी पडते, ते मोजून रानात जाते. आपल्याकडे एखाद्याने रानात पालापाचोळा राखला, तर होळीपर्यंत गावची जनावरे तो साफ करतात आणि पुढच्या वर्षी तोही नाद सोडतो. मेंढपाळांचे मात्र वेगळे. ते रानात मेंढरे बसवतात, रात्रीची लेंडी आणि मूत तिथेच पडते. त्यांना धान्य देऊन बोलवायची रीत होती, ती पुन्हा धरली तर दोघांचाही फायदा आहे.

काही जण म्हणतील, हिवऱ्याला पोपटराव मिळाले, आम्हाला कोण? हे बोलणे ऐकून ऐकून आम्हाला कंटाळा आला आहे. मोर्चाला दहा हजार माणसे जमवणाऱ्या गावांना पर्जन्यमापक बसवायला पुढारी लागतो का?

सरकारकडे मागायचे ते मागूच. मातीची झीज उत्पादनखर्चात धरा, ही मागणी या बैठकीच्या ठरावात घालावी असे आम्ही सुचवतो. अवजारांच्या झिजेच्या ओळीखाली एक ओळ. ती रक्कम कशी काढायची ते विद्यापीठाने सांगावे. एकरी पाच टन माती गेली तर तेवढी माती परत आणून टाकायला भाडे किती पडते, एवढा साधा हिशोब धरला तरी सुरुवात होईल. आज शहराला स्वस्त ज्वारी आणि गिरणीला स्वस्त कापूस मिळतो, त्यात आपल्या मातीचा थर फुकट गेलेला असतो. तो फुकट द्यायचा की नाही हे ठरवायचा हक्क आपला आहे. पण मागणी पदरात पडेपर्यंत माती थांबणार नाही, येत्या वळिवाला ती जाणारच आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणायच्या. बांधावरचे एक आणि वावरातले एक अशी दोन ढेकळे, सावलीत वाळवलेली, फडक्यात बांधून. आणि पिण्याच्या विहिरीचे किंवा हातपंपाचे लिटरभर पाणी, स्वच्छ बाटलीत, वर गावाचे नाव आणि तारीख लिहून. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून मग भरायची आणि शक्यतो त्याच दिवशी भरलेली आणायची. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायचे शिकवले आहे, तपासणी पेटी ग्रामपंचायतीत पडून असेल. ती उघडायला लावा. नायट्रेटचा रंग ज्या गावात गडद येईल, त्या गावाचे पाणी आपण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊ आणि आकडा त्याच गावाच्या चावडीवर लावू.

या दोन बरण्या इथेच ठेवून जातो. जेवणानंतर येऊन पुन्हा बघा, पहिल्यातले ढेकूळ अजून बसलेले असेल.